सन बाराशे चौतीस, फसली

नाक्याच्या टाकळीच्या शेषराव कोतवालाला उभ्या आयुष्यात एकदाच कुणीतरी शिकल्या-सवरल्या माणसाने काही विचारलं. त्याने उत्तर दिलं. उत्तर शंभर टक्के खरं होतं. त्या उत्तरापायी गावातली दोनशे वर्षांची इमारत दीड वर्षात भुईसपाट झाली आणि गावाने शेषरावाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. यातलं काय जास्त झोंबलं, ते तो कुणाला सांगत नाही.

टाकळी म्हणजे बीबीहून दुसरबीडकडे निघालं की मध्ये जो फाटा फुटतो, तिथून चार किलोमीटर आत. गावात शिरताना उजव्या हाताला, बाजाराच्या अगदी तोंडाशी, ती इमारत होती. लोक तिला तीनकमानी म्हणत. काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं, त्यावर भाजक्या विटांच्या आणि चुन्याच्या तीन कमानी, आत तीन खण, सागवानी खांब आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं. मधली कमान बाजूच्या दोन्हींपेक्षा हातभर उंच होती. समोर भरलेली बैलगाडी उभी राहिली, तर आत बसलेल्या माणसाला बसल्या जागी गाडीतला माल दिसावा, अशा बेताने बांधलेली. उत्तरेच्या भिंतीत एक लहानशी खिडकी होती, फक्त हात आत जाईल एवढी. त्या खिडकीचं काम काय, हे गावात कुणी कधी विचारलं नाही. गावाच्या नावात नाका आहे तो कुठला, हेही विचारलं नाही. शेषरावाला मात्र दोन्ही ठाऊक होतं, कारण ती इमारत तो पंचवीस वर्षं झाडत होता.

त्या पंचवीस वर्षांत तीनकमानी ही गावची चावडी होती. तलाठी मधल्या खणात बसायचा, शेषराव पायरीवर. दवंडी द्यायची, तलाठ्याची पिशवी उचलायची, माठ भरायचा, पंचनाम्याला साहेब आले की त्यांच्यामागे शेताशेतातून टेपचं दुसरं टोक धरून पळायचं, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आधी इमारतीला चुना मारायचा. कोतवालाचं काम म्हणजे हेच. सभेत एखाद्या बांधाचा वाद निघाला आणि कोणता बांध कुणी कधी सरकवला हे शेषरावाला पाठ असलं, तरी त्याने तोंड उघडलं की कुणीतरी म्हणायचंच, "शेषराव, पाणी आन." तो पाणी आणायचा. पेला पुढे करताना जे सांगायचं होतं ते घशात परत ढकलायचा. वीस-पंचवीस वर्षं असं केलं की माणसाला त्याचीही सवय होते, असं लोक म्हणतात. शेषरावाला झाली नाही.

तहसिलीतल्या जुन्या दप्तरखान्यात एक म्हातारा कारकून होता. लाल कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, ज्यांना तिथे रुमाल म्हणतात, ते वरच्या फळीवरून उतरवायला त्याला कुणीतरी धट्टाकट्टा माणूस लागायचा. शेषराव दर महिन्याला कागद पोचवायला जायचा, तेव्हा रुमाल उतरवायचा, झटकायचा आणि परत बांधायचा. बदल्यात त्या म्हाताऱ्याने त्याला मोडी शिकवली. का शिकवली, देव जाणे. बहुधा शिकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. सातवीत शाळा सुटलेला शेषराव चार वर्षांत मोडी अशी वाचायला लागला, की म्हातारा चष्मा काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "वाच, मी ऐकतो." त्या रुमालांत शेषरावाला एक शब्द पानोपानी भेटला. फसली. निजामाच्या अमलात वऱ्हाडचा सगळा महसूल पिकाच्या वर्षाने चालायचा. फसल म्हणजे पीक, आणि पिकाचं साल ते फसली साल. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल निघतं. गावातल्या प्रत्येकाचा खापरपणजा फसली सनातच जन्मला, फसली सनातच त्याने सारा भरला आणि फसली सनातच तो मेला. पण खापरपणतवंडांना तो शब्दही माहीत नव्हता.

आणि तीनकमानीच्या मधल्या कमानीवर, माथ्याच्या दगडात, आकडा कोरलेला होता: सन १२३४.

ही इमारत तलाठ्याने सोडली चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी. त्याला नवं कार्यालय मिळालं, पत्र्याचं आणि उकाड्याचं. तीनकमानी रिकामी झाली आणि सहा महिन्यांच्या आत गावाला तिचा पुळका आला. गोकुळ पाटलाने देवळाच्या कमिटीतर्फे पाटी लावली की ही वास्तू इसवी सन बाराशे चौतीसची, यादवकाळातली, आणि गावच्या देवळाचा हा मूळ दरवाजा. लगेच मतीन, ज्याचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, चार जाणती माणसं घेऊन तहसिलीत गेला. हा हिजरी सन आहे, इमारत मुसाफिरखाना आहे आणि पश्चिमेच्या भिंतीत मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे, असा अर्ज त्याने दिला. खरं तर तो दिवा ठेवायचा कोनाडा. शेषरावाने त्यात पंचवीस वर्षं काड्यापेटी ठेवली होती. दोन्हीकडून निवेदनं गेली, वकील लागले, एकदा पोलिसांची गाडी आली. शेवटी वरून हुकूम आला: निकाल लागेतोवर जैसे थे.

आता जैसे थे म्हणजे कुणी हात लावायचा नाही. पण टाकळीच्या माणसांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. समोरच्याने हात लावला तर त्याचा हक्क लागेल, म्हणून त्याच्या आधी आपण लावायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी कमिटीची पोरं पूर्वेच्या खणावर पांढरी माती अंथरायची, मतीनकडची माणसं पश्चिमेच्या. मधला खण दोघंही करायचे, म्हणून तिथे धाबं दुप्पट जाड झालं होतं. पाडव्याला एकांनी चुना मारला की ईदेला दुसऱ्यांनी. कमानीत पिंपळाचं रोप दिसलं की दोन्हीकडून माणसं शिडी घेऊन धावायची. जिल्ह्यातल्या किती जुन्या इमारती काटेरी बाभळीत गडप झाल्या, पण टाकळीची तीनकमानी भांडणाच्या कृपेने नव्या नवरीइतकी नटलेली होती. दुरुस्तीचं चुन्याचं काम दोन्ही बाजू एकाच गवंड्याला सांगत, कारण चुना भिजवून, घाणीत दळून, बेलफळाचं पाणी घालून लावता येणारा गवंडी पंचक्रोशीत एकच उरला होता, फकीर मोहम्मद. तो शेषरावाचा लहानपणापासूनचा दोस्त. फकीर दोघांकडची कामं करायचा आणि दोघांना मनातल्या मनात हसायचा.

शेषरावही हसला असता. पण त्याला दुसरीच आग होती. मोडी शिकल्यावर, चावडी तिथेच असताना, एका वर्षी चुना मारण्याआधी त्याने जुनी पुटं खरडली होती, तेव्हा आकड्याखाली एक ओळ उघडी पडली होती. मोडी. दगडात मोडी सहसा कोरत नाहीत, पण कुण्या कारकुनाने लिहून दिलेलं पाथरवटाने तसंच्या तसं उतरवलं असावं. शेषरावाने ती वाचली होती. वाचून त्यावर परत चुना मारला होता, कारण सांगायचं कुणाला? गाव बावीस वर्षं ज्या प्रश्नावर डोकी फोडत होतं, त्याचं उत्तर गावातल्या एका माणसाला ठाऊक होतं आणि त्याला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. हे माणसाच्या किती जिव्हारी लागत असेल, ते ज्याला कधी पाणी आणायला पाठवलं नाही त्याला कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, सुचिता मॅडम आल्या. कुठल्याच यादीत नसलेल्या जुन्या इमारतींची नोंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. यादीत नाव आलं की इमारतीला हात लावायला परवानगी लागणार, अशी बातमी गावात आधीच पोचली होती. आदल्या दिवशी फकीर मोहम्मद शेषरावाच्या ओट्यावर येऊन बसला.

"उद्या बाई येऊन राह्यली," तो म्हणाला. "तू तोंड उघडू नको बे."

"काऊन?"

"तीनकमानीचं धाबं कायच्यावर उभं हाय, सांग."

"खांबावर."

"खांबाले कवाचीच वाळवी लागली. मी पाह्यले ना आतून. ते झगड्यावर उभं हाय. झगडा गेला की धाबं गेलं."

शेषरावाला फकीरचं म्हणणं पटलं नाही असं नव्हतं. पण सबंध रात्र त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं: सगळ्यांसमोर कुणीतरी आपल्याला विचारतंय. सत्तरीला टेकलेला माणूस असा विचार करतो, हे गीताबाईला, त्याच्या बायकोला, कळलं असतं तर तिने हात जोडले असते.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. जेमतेम तिशीतल्या, पाठीवर पिशवी, हातात टेप. त्यांनी आधी कुणाशी न बोलता इमारत पाहिली. विटा मोजल्या, खांबावर टिचकी मारली आणि त्या हाताएवढ्या खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. शेषरावाला त्या पोरीबद्दल एकदम माया वाटली. एका बाजूला गोकुळ पाटील उभा, दुसऱ्या बाजूला मतीन, दोघांच्या मागे आपापली माणसं.

"यादव काळ हाय मॅडम," गोकुळ म्हणाला. "बाराशे चौतीस. तवा आपल्या इकडं देवगिरीचं राज होतं."

"हिजरी हाय जी," मतीन म्हणाला. "आत मेहराब हाय, पाहून घ्या."

मॅडमनी दोघांचं लिहून घेतलं. शेषराव ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन उभा होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी पाणी आणायला त्यालाच पाठवलं होतं. मॅडमनी पेला उचलला आणि त्याच्याकडे पाहून विचारलं, "काका, तुम्ही इथे काम करायचात ना? तुम्हाला काय वाटतं ही इमारत कशाची आहे?"

बस. एवढंच. मागे उभ्या फकीरने त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. शेषरावाला तो जाणवला. जाणवूनही त्याने ट्रे खाली ठेवला.

"फसली हाय मॅडम," तो म्हणाला.

"कोण फसली?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"फसली सन," शेषराव म्हणाला. "बाराशे चौतीस फसली. म्हंजे अठराशे चोवीस-पंचवीस. शिडी आना, मी दाखवतो."

शिडी आली. तो वर चढला, ओल्या फडक्याने आणि खराट्याच्या काडीने त्याने बावीस वर्षांचे पाडवे आणि ईदा खरडून काढल्या, आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. जकात चौकी, मौजे टाकळी, सन फसली. मग उतरला आणि थांबलाच नाही. मधली कमान उंच का, तर गाडीतला माल दिसावा म्हणून. खिडकी कशाला, तर गाडीवानाने बाहेरूनच हात घालून पावती घ्यावी म्हणून. कोनाड्यात दिवा, जोत्याच्या कड्यांना बैल. जालन्याकडून मेहकरकडे जाणारा कापूस इथे अडवायचे. मॅडम भराभरा लिहीत होत्या आणि मध्येमध्ये "वा काका!" म्हणत होत्या. अर्धा तास सगळं गाव गप्प उभं राहून शेषराव कोतवालाचं बोलणं ऐकत होतं. तो अर्धा तास त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, आणि त्याची त्याला आता लाज वाटते.

गोकुळने सगळं ऐकून एकच विचारलं. "म्हंजे देऊळ-बिऊळ काई नाई?"

"नाई."

"मुसाफिरखाना?" मतीनने विचारलं.

"नाई. नाका."

"टोलनाका," मागून कुणीतरी बोललं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून टाकळीच्या लोकांना टोलनाक्याचं वेगळं कौतुक सांगायला नको. सगळं गाव खदाखदा हसलं. गोकुळ हसला, मतीन हसला. बावीस वर्षांत ते दोघं एका वेळी एकाच गोष्टीवर पहिल्यांदाच हसले असतील. त्या दिवसापासून तीनकमानीचं नाव टोलनाका पडलं आणि चहाच्या हॉटेलात एक विनोद वर्षभर पुरला: तारीख फसली आणि दोन्ही पार्ट्याही फसल्या.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी पांढरी माती आणायला कुणी गेलं नाही. ना कमिटीची पोरं, ना मतीनकडची माणसं. टोलनाक्यासाठी कोण उन्हात घाम गाळणार? शेषराव आणि फकीर मोहम्मद, दोघांचं वय मिळून एकशे चाळीस, पाट्या डोक्यावर घेऊन शिडीने चढले. अर्धा पूर्वेचा खण झाला आणि फकीरची कंबर धरली. श्रावणात पश्चिमेचं धाबं गळायला लागलं. भाद्रपदात वर गुडघाभर गवत होतं. दिवाळीच्या आसपास पावसाने फुगलेला एक खांब खचला आणि धाब्याचा कोपरा आत आला.

डिसेंबरात गावात सद्भावनेची सभा झाली. सरपंच अन्नपूर्णाबाई अध्यक्ष होत्या. दोन्ही बाजूंनी अर्ज मागे घेतले, एकमेकांना पेढे भरवले, फोटो पेपरात आला. त्याच सभेत ठराव झाला की मोडकळीला आलेली धोकादायक इमारत काढून त्या मोक्याच्या जागेवर दुकानांचे गाळे बांधावेत, दोन्ही समाजांना सारखे. एकमताने मंजूर. टाकळीत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव असेल.

शेषरावाने मॅडमना फोन लावला. त्या बिचाऱ्या कळवळून बोलल्या. "काका, मी सहा पानं लिहिली होती. इतकी शाबूत जकात चौकी मी दुसरी पाहिलेली नाही. पण वरून शेरा आला की काळ अलीकडचा आहे आणि वेगळं असं वैशिष्ट्य नाही." शेषराव म्हणाला, "आठशे वर्सांची असती तं?" मॅडम म्हणाल्या, "तर कदाचित चौकशी तरी लागली असती."

यानंतर शेषरावाने जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. तो गोकुळ पाटलाकडे गेला. ओट्यावर बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि खाली मान घालून म्हणाला, "मतीनचे लोक अजून हिजरीच म्हणून राह्यले बरं. गाळे झाल्यावर उलटतील."

गोकुळने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काका, मतीन आताच चहा पिऊन गेला हितून. गाळ्याचा नकाशा दाखवाले आला होता."

तरी शेषराव थांबला नाही. संध्याकाळी मतीनच्या दुकानात गेला. म्हणाला, गोकुळची पोरं पाडायच्या आधी कमानीवर झेंडा लावणार आहेत, कानावर आलंय. मतीनने गिऱ्हाइकाला थांबवलं आणि काउंटरच्या बाहेर आला. तो शेषरावाच्या मुलाच्या वयाचा. त्याने आवाज चढवला नाही, हेच वाईट झालं.

"शेषरावकाका, तुमी भांडण लावून राह्यले?"

शेषराव काउंटरवरचे खिळे सारखे करायला लागला.

"लय वर्सानं गाव शांत झालं. आमची शाइस्ता आता बाजारातून एकटी शाळेत जाते. पाडवा-ईद आली की पोलीस बसत होता चौकात, तो नाई बसत. ते तुमच्यामुळंच झालं ना? आन् तुमीच?"

गावात शांतता झाली हे वाईट झालं, असं म्हणायची कुणाला सोय असते का? मतीनचं खरं होतं. शाळेत जाणाऱ्या पोरीपुढे तीन कमानी काय आहेत? शेषरावाला हे कळत होतं आणि तरीही कमानी हव्या होत्या, आणि हे दोन्ही एका पोटात मावत नव्हतं. घरी आला तर गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. गीताबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"खरं बोलून घालवली," ती म्हणाली, "आन् आता खोटं बोलून वाचवाले निंगाले. तुमाले एक तरी गोष्ट येळेवर करता येते का?"

तिला वाटलं तो काहीतरी उलट बोलेल. तो भाकर न खाताच निजला.

पाडायला दुपारचे चार तास लागतील असा अंदाज होता, दीड दिवस लागला. मशीनचा दात कमानीत शिरेना. फकीर मोहम्मद रस्त्यापलीकडे बाजेवर बसून पाहत होता. विटा मधोमध फुटत होत्या, पण विटेला वीट जोडणारा चुना सुटत नव्हता. "पाह्य," तो शेषरावाला म्हणाला, "ज्यानं लावला त्याचं नाव बी माहीत नाई आपल्याले." मग तो उठून घरी गेला. त्या दिवसापासून तो शेषरावाच्या ओट्यावर आला नाही. भांडला नाही, बोलणंही सोडलं नाही, रस्त्यात भेटला की हात वर करतो. पण ओट्यावर येत नाही. शेषरावाने त्याला बोलवलेलंही नाही. कुठल्या तोंडाने बोलवणार?

गाळ्यांच्या भूमिपूजनाला सत्कार ठेवला होता. शालीचं एक टोक गोकुळने धरलं, दुसरं मतीनने. अन्नपूर्णाबाई माईकवर म्हणाल्या की शेषरावकाकांच्या एका शब्दानं गावातलं बावीस वर्षांचं वैर मिटलं. आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. "दोन शब्द बोला काका," असा आग्रह झाला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा गाव त्याला बोल म्हणत होतं. तो माईकपुढे उभा राहिला. "मले काई बोलाचं नाई," तो म्हणाला आणि खाली उतरला. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! माणूस किती साधा आहे, असं ज्याच्या त्याच्या तोंडी.

सत्काराची बातमी पेपरात आली आणि त्यातून पुढचं घडलं. यंदा माघात सुलतानपूरच्या बाजूच्या एका गावातून राजकुमार नावाचा तरुण माणूस मोटरसायकलवर शेषरावाला शोधत आला. त्यांच्या गावाला जुनी वेस आहे, तिच्यावर दगड आहे, दगडावर मोडी आहे. गावात तीन वर्षांपासून वाद पेटलाय की वेस कुणाची. तहसिलीतून जैसे थे आहे. "तुमी वाचून द्या काका, म्हंजे आमचाबी तंटा मिटन," तो म्हणाला. "वेशीपाशी पाण्याची टाकी बांधाची हाय, सगळं अडून पडलं."

शेषराव नाही म्हणणार होता. पण मोडी म्हटल्यावर त्याचे पाय आपोआप चपला शोधायला लागले. स्वभाव जात नाही.

वेस त्याने लांबूनच पाहिली. दोन दणकट बुरूज, मध्ये टोकदार कमान, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. डावा बुरूज एकांनी नुकताच सारवलेला होता, उजवा दुसऱ्यांनी. कमानीतलं गवत ताजं उपटलेलं होतं. भोवती पंचवीस-तीस माणसं दोन घोळके करून उभी होती, आणि दोन्ही घोळके त्याच्याकडे डॉक्टरकडे पाहावं तसे पाहत होते. त्याच्यासाठी खुर्ची आणली, कुणीतरी पाणी आणून दिलं. त्याला, पाणी!

तो शिडीवर चढला. दगडावरची मोडी इतकी सुरेख होती, की तो नीट पाहायला आणखी एक पायरी वर चढला. एकही अक्षर मोडलेलं नव्हतं. दप्तरखान्यातल्या त्या म्हाताऱ्याने चष्मा काढून ठेवला असता. सन फसली बाराशे एकेचाळीस. दुष्काळात गावाने पोटाला धान्य घेऊन वेस बांधली, असं लिहिलं होतं, आणि खाली बांधणाऱ्यांची नावं होती. अकरा नावं. सगळ्या जातींची, दोन्ही धर्मांची, एकाखाली एक. कुणाच्या तरी खापरपणज्याचं नाव तिथे होतं आणि तो खापरपणतू खाली मान वर करून उभा होता. शेषरावाने सगळा लेख दोनदा वाचला, ओठ न हलवता.

"काय हाय काका?" राजकुमारने खालून विचारलं.

शेषराव शिडी धरून तसाच उभा राहिला. पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे होतं: टाळ्या, पेढे, सद्भावनेची सभा, आणि मग पावसाळ्याच्या तोंडाशी कुणीच पांढरी माती आणायला न जाणं. तो सावकाश उतरला.

"घासून गेलं सारं," तो म्हणाला.

"असं कसं? हितून तं साफ दिसते."

"मले नाई लागत."

"मंग पेपरात कसं आलं होतं? तुमाले मोडी येते म्हणून?"

लोक कुजबुजायला लागले. एकाने उघडच म्हटलं की यालाच शाल दिली होती का त्यांनी. राजकुमारचं तोंड रागाने लाल झालं होतं. सगळ्या गावापुढे त्याचा पचका झाला होता.

शेषरावाने खुर्चीवर ठेवलेला पेला उचलून राजकुमारच्या हाती परत दिला. "नाई बावा," तो म्हणाला. "मी कोतवाल होतो. झाडू मारत होतो चावडीत. मले कायची येते मोडी?"

आणि हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.